स्वच्छ पाण्यातली उपासमार

या शनिवार-रविवारचा विषय जरा ओला आहे, आणि खारटही. घरात काचेच्या टाकीत समुद्र पाळणाऱ्या माणसांचा इतिहास, आणि तोही एका किड्याच्या बाजूने. किडा म्हटल्यावर नाक मुरडू नका. हा किडा पहिल्यांदा पाहिलात तर तुम्ही त्याला फूलच म्हणाल.

इंग्रजीत त्याला 'फेदर डस्टर वर्म' म्हणतात, म्हणजे पिसांच्या झटकणीसारखा दिसणारा किडा. गांडूळ आणि जळू यांचा हा समुद्रातला भाऊबंद. अंग मऊ, वळ्यावळ्यांचं, आणि ते सगळं स्वतः बांधलेल्या नळीत लपलेलं. बाहेर दिसतो तो फक्त नळीच्या तोंडातून उमललेला पिसारा. दर्ग्यात मोरपिसांचा कुंचा असतो ना, अगदी तसा. युरोपच्या किनाऱ्यावरच्या एका जातीचं शास्त्रीय नाव आहे साबेला पाव्होनिना. हे नाव साव्हिन्यी या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२२ साली दिलं. लॅटिनमध्ये पाव्हो म्हणजे मोर. म्हणजे त्या गृहस्थालाही मोरच आठवला. मराठीत याला काय म्हणावं? मी आपला 'कुंचेवाला' म्हणतो. या लेखापुरतं तेच नाव चालवून घ्या.

या विषयात मी शिरलो तो ऑफिसातल्या एका मित्रामुळे. त्याच्याकडे घरी समुद्री टाकी आहे. पुण्यात समुद्र नाही, त्यामुळे तो आर.ओ.च्या पाण्यात विकतचं मीठ कालवून आपला समुद्र स्वतः बनवतो. माणूस भलताच काटेकोर. क्षारता, तापमान, अमोनिया, नायट्रेट, सगळं मोजून एका वहीत लिहितो. एकदा चहा पिताना म्हणाला, "सगळे आकडे बरोबर आहेत रे. मासे मजेत आहेत. पण या कुंच्याचा पिसारा दर महिन्याला लहान होत चाललाय. का?"

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असा प्रश्न ऐकला की झोप लागत नाही. सगळ्या टेस्ट पास, लॉगमध्ये एक एरर नाही, आणि सिस्टीम मात्र हळूहळू मरते आहे! याचा अर्थ एकच असू शकतो. जी गोष्ट बिघडली आहे ती कुणी मोजतच नाही. ती कोणती हे शोधायला मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता जवळजवळ दोनशे वर्षं मागे गेलो.

आधी हा प्राणी जेवतो कसा ते सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे.

कुंचेवाल्याला जबडा नाही, दात नाहीत, आणि तो शिकारीलाही जात नाही. पिसाऱ्याच्या प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या असतात आणि त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे केस. हे केस सतत हलत राहतात आणि पाणी पिसाऱ्यातून ओढून वर सोडतात. त्या पाण्यात तरंगणारे कण फांद्यांवर अडकतात. मग प्रत्येक काडीच्या मधोमध असलेल्या पन्हाळीतून ते खाली, तोंडाकडे सरकतात. तिथे त्यांची चाळणी होते. निकोल या संशोधिकेने १९३० साली साबेलावर लिहिलेल्या निबंधात हे बारकाईने दाखवलं आहे. मोठे कण बाहेर फेकले जातात. सगळ्यात बारीक कण तोंडात जातात. आणि मधल्या मापाचे कण? ते वेगळे साठवले जातात, चिकट स्रावात मळले जातात आणि नळीच्या काठावर थर म्हणून लिंपले जातात. पिसारा हाच श्वासाचा अवयवही आहे. थोडक्यात काय, तर फुप्फुस, जाळं, चाळण आणि गवंड्याचं घमेलं, सगळं एकाच कुंच्यात!

त्यावर तुमच्या हाताची नुसती सावली पडली तरी तो पिसारा क्षणात नळीत गडप होतो. अंगभर धावणारे जाड मज्जातंतू हा निरोप पोचवतात. मिक्सिकोला नावाच्या त्याच्या एका नातेवाइकात तर असा तंतू सुमारे एक मिलिमीटर जाड असतो. आपल्या शरीरातले तंतू याच्यापुढे कोळ्याच्या जाळ्यासारखे.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. त्याचं जेवण म्हणजे पाण्यात तरंगणारे, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे कण. सूक्ष्म शेवाळ, जिवाणू, कुजक्या पदार्थांचा चुरा. हे खाणं त्याच्याकडे पाण्याबरोबर येतं. आलं तर जेवण, नाही तर उपास.

आता इतिहास. सुरुवात एडिंबराला.

सर जॉन ग्रॅहम डेलियल (१७७५ ते १८५१) हा पेशाने वकील, पण मन सगळं समुद्राच्या प्राण्यांत. त्याने आपल्या घरी काचेच्या बरण्यांत समुद्रपुष्पं, किडे, काय काय पाळलं. १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या खडकांवरून आणलेलं त्याचं एक समुद्रपुष्प पुढे 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई, या नावाने प्रसिद्ध झालं. डेलियल गेला, आजीबाई एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या, आणि मरण पावल्या त्या थेट १८८७ साली! डेलियलचं तंत्र एकदम साधं. समुद्राचं ताजं पाणी माणसाकरवी घरी आणवायचं आणि बरणीतलं पाणी बदलत राहायचं. बस्स.

या डेलियलकडे आपला कुंचेवालाही होता. बरणीत थोडा पातळ चिखल सोडला की तो पिसारा पसरून कामाला लागतो आणि नळीची उंची वाढवतो, हे डेलियलने पाहून लिहून ठेवलं. किड्याचे तुकडे झाले तर तुकड्याला नवीन पिसारा फुटतो हेही त्याने पाहिलं. त्याच्या मोठ्या ग्रंथात हे सगळं आहे. माझ्या मते महत्त्वाची गोष्ट मात्र दुसरीच आहे. डेलियल पाणी बदलायचा ते पाणी शिळं होऊ नये म्हणून. पण त्या ताज्या पाण्याबरोबर सूक्ष्म शेवाळही येत होतं. बरणी धुतली जात होती आणि त्याच वेळी ताटही वाढलं जात होतं. एका कामात दोन कामं होत होती, आणि दुसरं काम कुणाच्या हिशेबात नव्हतं.

साधारण त्याच काळात सिसिलीत मेसिनाला झान व्हिलप्रू-पॉवर ही फ्रेंच बाई १८३२ साली काचेच्या पेट्या बनवून घेत होती. पॅरिसमध्ये शिवणकाम करणारी ही मुलगी लग्न करून सिसिलीत आली आणि प्राणिशास्त्रज्ञ झाली. अर्गोनॉट नावाचा आठ पायांचा प्राणी आपलं शंख स्वतः बनवतो की दुसऱ्याचं ढापतो, हा तेव्हाचा मोठा वाद. तिने पेट्यांत आणि समुद्रात नांगरलेल्या पिंजऱ्यांत त्यांना वाढवून दाखवलं की ते स्वतःच बनवतात. पण मेसिना म्हणजे अगदी समुद्रकाठ. पाण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न आला तो समुद्रापासून लांब राहणाऱ्यांना. आणि इथे आपल्या गोष्टीत लंडनच्या अ‍ॅना थिन या बाई येतात.

अ‍ॅना थिन यांचे यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत मोठ्या हुद्द्यावरचे धर्माधिकारी. १८४६ साली या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या, तिथले कप-प्रवाळ त्यांना आवडले, आणि बरणीत घालून त्यांनी ते लंडनला आणले. किनाऱ्यावरून पाणी मागवायचं, पण ते पुरेसं मिळेना. मग त्यांनी एक युक्ती काढली. आहे तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, पुन्हा पहिल्यात, अर्धा-पाऊण तास, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम कोण करणार? घरातली एक लहान मोलकरीण. बाईंनी पुढे लिहिलं आहे की काम थकवणारं होतं खरं, पण पोरीला त्यात गंमत वाटायची. वाटत असेलही. पोरीची बाजू काही कुणी लिहून ठेवलेली नाही. आज टाकीमागे घुरघुरणारा हवेचा पंप पाहिला की मला ती आठवते. या छंदातला पहिला एअर पंप ही एक मोलकरीण होती.

१८४७ मध्ये बाईंनी बरणीत समुद्रातल्या वनस्पतीही घातल्या, आणि त्यांचे प्रवाळ पुढे कितीतरी महिने जगले. वनस्पतींची ही कल्पना तेव्हा लंडनच्या हवेतच होती. पूर्व लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्याकडे १८२९ साली पतंगाचा कोष ठेवलेल्या बंद बाटलीत आपोआप नेचा उगवला होता, आणि त्यातून काचेच्या बंद पेटीत झाडं जगवायची पद्धत निघाली. पेटीत झाड जगतं, मग पाण्यात मासा का नाही?

याचं पद्धतशीर उत्तर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दिलं. १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. मासे कार्बन डायॉक्साइड सोडणार, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देणार. काही दिवस ठीक चाललं, मग वनस्पतीची पानं कुजायला लागली आणि पाणी खराब व्हायला लागलं. वॉरिंग्टनने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि टाकी महिनोन्महिने पाणी न बदलता टिकली. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. १८५२ पर्यंत तो समुद्राच्या पाण्यावरही हेच प्रयोग करत होता.

मला हा वॉरिंग्टन फार आवडतो. सिस्टीम चालेना तर काय कमी आहे ते शोधायचं आणि एकच भाग जोडून पाहायचं, ही आमचीच पद्धत. पण त्याच्या समीकरणाकडे कुंचेवाल्याच्या बाजूने पाहा. प्राणी आणि वनस्पती यांच्यात वायूची देवाणघेवाण होते, घाण गोगलगाय खाते, पाणी बदलायची गरज नाही. त्या समीकरणात श्वास होता, घास नव्हता. गोल्डफिशला खाणं वरून टाकता येतं. पाण्यातूनच जेवणाऱ्या प्राण्यासाठी पाणी न बदलणं म्हणजे ताट न वाढणं. डेलियलच्या बरणीत नकळत होत असलेलं दुसरं काम इथे बंद पडलं, आणि ते बंद पडलं हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

यानंतर जे झालं ते एखाद्या साथीसारखं. फिलिप हेन्री गॉस हा निसर्गशास्त्रज्ञ प्रकृतीच्या कारणाने डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला आणि तिथल्या खडकांतल्या डबक्यांच्या प्रेमात पडला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, त्यासाठी प्राणी जमवणाऱ्यांत गॉस होता. १८५४ मध्ये त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्दच रूढ झाला. त्याच वर्षी त्याने समुद्राचं पाणी घरी बनवायची कृतीही दिली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. चार क्षार पाण्यात विरघळवा, काही दिवस त्यात शेवाळ वाढू द्या, मग प्राणी सोडा. माझ्या मित्राच्या डब्यातल्या मिठाचा हा खापरपणजोबा. अर्थात आजच्या डब्यात कॅल्शियमसह बरंच काही असतं. गॉसच्या यादीत चुन्याचा एकही क्षार नव्हता. कुंचेवाल्याचे काही चुलतभाऊ, उदाहरणार्थ सर्प्युला, चिखलाऐवजी चुन्याचीच नळी बांधतात. त्यांनी बिचाऱ्यांनी काय करावं?

लोकांना मात्र वेड लागलं. काचेवरचा कर ब्रिटनमध्ये १८४५ मध्येच रद्द झाला होता, म्हणून काच स्वस्त. रेल्वेमुळे किनारा एका दिवसाच्या अंतरावर. विल्यम आल्फर्ड लॉइड या माणसाने लंडनमध्ये समुद्री प्राणी आणि टाक्यांचं दुकानच थाटलं. दिवाणखान्यात समुद्रपुष्प असणं हे घरंदाजपणाचं लक्षण झालं. सर्प्युला आणि साबेला या टाक्यांत हमखास असायचे, कारण दिसायला सुंदर आणि एका जागी बसणारे. शिवाय ते मेलेले लगेच कळत नाहीत, नळी तर उभीच असते. हा शेवटचा मुद्दा माझा.

या वेडाची किंमत किनाऱ्याने दिली. सहलीला आलेली माणसं हातोड्या आणि बरण्या घेऊन डबक्यांवर तुटून पडली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये आपल्या वडिलांवर 'फादर अँड सन' हे पुस्तक लिहिलं. त्यात लहानपणी पाहिलेली ती डबकी कशी ओरबाडली गेली याची हळहळ आहे. आपल्या पुस्तकांनी लोकांना त्या डबक्यांची वाट दाखवली याचं वडिलांना फार दुःख होतं, असंही तो सांगतो. गॉसने हे सगळं प्रेमापोटी केलं होतं, आणि ज्याच्यावर प्रेम केलं तेच त्यातून ओरबाडलं गेलं. घरातल्या बहुतेक टाक्याही १८६० च्या दशकात रिकाम्या झाल्या. प्राणी मरायचे, पाण्याला वास यायचा, नवीन खूळ यायचं.

लॉइडने मात्र विषय सोडला नाही. दुकान बंद पडल्यावर त्याने हँबुर्ग (१८६४) आणि लंडनचं क्रिस्टल पॅलेस (१८७१) इथली मोठी मत्स्यालयं उभी करण्यात पुढाकार घेतला. त्याचं म्हणणं असं की फक्त वनस्पतींवर विसंबू नका. दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा साठा खाली अंधारात ठेवा आणि पंपाने पाणी सतत फिरवा. अंधारात हिरवं शेवाळ वाढत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ राहतं.

काचेसारखं स्वच्छ! इथून पुढे शंभर वर्षं या छंदाचं ध्येय हेच राहिलं. १८९० मध्ये विनोग्राड्स्कीने दाखवून दिलं की अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे खास जिवाणू असतात. माशांच्या मुताने टाकी विषारी का होत नाही, याचं उत्तर मिळालं. मग विसाव्या शतकात या जिवाणूंसाठी खडीचे फिल्टर आले, रंग-वास शोषणारा कोळसा आला, पाण्यातले जंतू मारणारे अतिनील दिवे आले, आणि आला स्किमर. वरणाला उकळी फुटली की वर फेस येतो आणि आपण तो डावाने काढून टाकतो. स्किमर हेच काम हवेच्या बुडबुड्यांनी दिवसरात्र करतो. खडी, कोळसा, दिवा, स्किमर, ही सगळी यंत्रं खरोखर उपयोगी आहेत. त्यांच्याशिवाय घरात प्रवाळ जगवणं फार कठीण झालं असतं. पण त्यांच्याकडे जेवणाऱ्याच्या नजरेतून पाहा. यातली बहुतेक यंत्रं पाण्यातून काहीतरी काढून टाकतात, आणि जे काढून टाकतात त्यातच कुंचेवाल्याचं जेवण असतं.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. मीठ आणि तापमान सोडलं, तर त्याच्या वहीतला प्रत्येक आकडा 'पाण्यात काय नसावं' एवढंच सांगत होता. अमोनिया नसावा, नायट्राइट नसावं, नायट्रेट जवळजवळ नसावं. सगळे आकडे उत्तम होते, म्हणजेच पाणी रिकामं होतं. भूक मोजायचा संच बाजारात मिळत नाही.

हे उत्तर अर्थातच मी शोधलेलं नाही. टाकीवाल्यांतल्या काहींना ते आधीच दिसलं होतं. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. समुद्रातून आणलेला, जीवजंतूंनी भरलेला खडक, समुद्राचंच पाणी, ऊन आणि थोडेसे बुडबुडे. फिल्टर नाहीच. जगाने तेव्हा फारसं ऐकलं नाही, पण आज ज्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. त्यानंतर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी. त्यांनी १९८० मध्ये तिथल्या संग्रहालयात एक जिवंत प्रवाळभिंत उभी केली. पाणी शुद्ध करायला त्यांनी फिल्टरऐवजी शेवाळाची हिरवळ वापरली, आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव मरू नयेत याचीही काळजी घेतली. त्यांचा मुद्दा सरळ होता. समुद्रात पाणी स्वच्छ दिसतं ते त्यात काही नसतं म्हणून नाही, तर जे असतं ते सतत येतं आणि सतत खाल्लं जातं म्हणून. दीडशे वर्षांनी कुणीतरी पुन्हा डेलियलच्या बरणीपाशी आलं होतं, फरक इतकाच की आता दुसरं काम हिशेबात धरलेलं होतं.

मग आज काय करायचं? मित्राला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो.

एक. पिसारा गळून पडला म्हणजे किडा मेला असं नाही. प्रवास, पाण्यातला बदल, एखाद्या माशाचा त्रास, कशानेही घाबरला तर तो स्वतःच पिसारा टाकून देतो. नळी फेकू नका. काही आठवड्यांत नवा पिसारा येतो. पण नवा आधीपेक्षा लहान आला आणि त्यानंतरचा त्याहून लहान, तर ती उपासमार आहे. जाळं लहान झालं की घास कमी मिळतो, आणि घास कमी झाला की जाळं आणखी लहान होतं. थंड रक्ताचा प्राणी असल्याने हे महिनोन्महिने चालतं, आणि म्हणूनच लक्षात येत नाही. नळी सोडून तो पूर्ण बाहेर आला, तर मात्र प्रकरण गंभीर समजा.

दोन. नव्या टाकीत त्याला आणू नका. ज्या टाकीत वाळू, खडक आणि काच यांच्यावर जीवजंतूंचे थर बसायला बरेच महिने मिळाले आहेत, तिथे त्याला काहीतरी मिळण्याची शक्यता असते.

तीन. जिवंत किंवा जपून ठेवलेलं सूक्ष्म शेवाळ बाटलीत मिळतं. ते थोडं थोडं, पण वरचेवर द्या, आणि देताना स्किमर काही वेळ बंद ठेवा. एकदम ओतलं तर नायट्रेट वाढतं आणि बाकीच्यांचे हाल होतात. रोजचा डबा हवा, महिन्याची मेजवानी नको. प्रवाह मध्यम ठेवा, म्हणजे कण त्याच्यापर्यंत पोचतील पण पिसारा वाकणार नाही.

चार. फुलपाखरू-मासे त्याला आवडीने कुरतडतात, तेव्हा शेजारी पाहून ठेवा. आणि माशांच्या आजारावर तांब्याचं औषध त्या टाकीत घालू नका. माशाला औषध, त्याला विष.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आणण्याआधी तो आला कुठून ते विचारा. हवाई बेटांवरून साबेलास्टार्टे नावाचा मोठा, देखणा कुंचेवाला कितीतरी वर्षं या व्यापारासाठी गोळा होत आला. तो प्रवाळाच्या फटीत खोल बसतो, त्यामुळे त्याला काढताना आजूबाजूचा प्रवाळ फोडला जातो. म्हणूनच हवाईतल्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचं प्रजनन कसं होतं ते शोधून त्याला बंदिस्त जागेत वाढवायचे प्रयत्न केले. आपल्याकडे प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे. मालवणच्या किंवा आणखी कुठल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे, त्यावर कुंचेवाला कितीही सुंदर बसलेला असो. डेव्हनच्या डबक्यांचं जे झालं ते एका पुस्तकामुळे आणि स्वस्त काचेमुळे झालं. आज काच त्याहून स्वस्त आहे आणि विमानं रोज उडतात.

मित्राने हे सगळं ऐकून घेतलं आणि वहीत एक नवा रकाना आखला. त्यात तो पट्टीने मोजलेली पिसाऱ्याची रुंदी लिहितो, आठवड्यातून एकदा, काचेबाहेरून, सावली पडणार नाही अशा बेताने. माझ्या मते त्या वहीतला हा पहिला आकडा, जो पाण्याला विचारून लिहिलेला नाही. किड्याला विचारून लिहिलेला आहे. पहिल्या सहा नोंदींत पिसारा होता तेवढाच राहिला. सातव्या नोंदीत दोन मिलिमीटर जास्त होता. दोन मिलिमीटर म्हणजे पट्टी धरण्यातली चूकही असू शकते, हे त्यालाही माहीत आहे. म्हणून तो मोजतोच आहे.